खोल समुद्रासाठी बांधलेलं आणि नदीत संपलेलं ‘केंट’

ब्रिटिश नौदलाच्या याद्यांमध्ये एखाद्या जहाजाची सगळी कारकीर्द तीन-चार ओळींत उरकलेली असते. ‘केंट’चंही तसंच. १७४६ मध्ये लंडनजवळच्या डेप्टफर्ड गोदीतून पाण्यात उतरलं, १७४७ मध्ये फिनिस्टरच्या लढाईत होतं, १७५४ मध्ये हिंदुस्थानकडे निघालं, १७६० च्या सुमारास निकामी ठरलं. याच जहाजाच्या तोफा १२ फेब्रुवारी १७५६ रोजी विजयदुर्गावर धडाडत होत्या, हे त्या ओळींत बघून कुणाच्या लक्षातही येणार नाही. आपल्याकडे आंग्र्यांच्या आरमाराचा शेवट पेशवे आणि इंग्रज यांच्या राजकारणातून सांगितला जातो आणि ते बरोबरच आहे. पण तीच गोष्ट जहाजाच्या डेकवरून पाहिली तर काही गोष्टींचा उलगडा जास्त सोपा होतो.

आधी हे जहाज होतं तरी काय, ते पाहू.

ब्रिटिश नौदल आपल्या मोठ्या जहाजांची प्रतवारी तोफांच्या संख्येवरून करायचं. शंभर किंवा त्याहून जास्त तोफा असल्या तर पहिली प्रत, नव्वदच्या आसपास असल्या तर दुसरी, साधारण ६४ ते ८० असल्या तर तिसरी. केंट तिसऱ्या प्रतीचं. बांधताना ६४ तोफांचं म्हणून बांधलं, पण त्या काळातल्या बऱ्याच लिखाणात ते ७० तोफांचं म्हणून येतं, त्यामुळे दोन पुस्तकांत दोन आकडे दिसले तर गोंधळून जाऊ नये. तिसरी प्रत म्हणजे दुय्यम माल, असाही समज करून घेऊ नये. पहिल्या प्रतीची जहाजं संख्येनं थोडी, अवाढव्य खर्चाची आणि बहुतेक वेळ घराजवळ ठेवलेली. दूर देशी जाऊन प्रत्यक्ष लढायचं काम तिसऱ्या आणि चौथ्या प्रतीचंच.

केंटच्या तोफांच्या मुख्य डेकची लांबी सुमारे १५४ फूट होती. तोफांचे मजले दोन. खालच्या मजल्यावर सगळ्यात जड तोफा, म्हणजे ३२ पौंडांचा, जवळपास साडेचौदा किलोचा, लोखंडी गोळा फेकणाऱ्या. अशी एक तोफ पावणेतीन टनांच्या घरात जाते आणि ती चालवायला डझनभराहून जास्त माणसं लागतात. वजन खाली ठेवायचं कारण उघड आहे, ते वर चढवलं तर जहाज वाऱ्यात कलंडेल. जहाजावर चार-पाचशे माणसं. काही राजीखुशीनं आलेली, बरीचशी बंदरातून पकडून आणून भरती केलेली.

आता मुख्य मुद्दा. अशी जहाजं एकमेकांशी लढायला बांधलेली होती. शत्रूची जहाजं आणि आपली जहाजं दोन रांगा करून समांतर चालायची आणि एका बाजूच्या सगळ्या तोफा एकदम डागायच्या. जमिनीवरच्या किल्ल्याशी लढायला ती बांधलेली नव्हती. दगडी तट बुडत नाही, पेटत नाही आणि हलतही नाही. उलट जहाजाला एवढ्या जड तोफा घेऊन तरंगायचं तर वीस फुटांच्या आसपास खोल पाणी लागतं. खाडीत किंवा नदीत ते मिळेलच असं नाही. केंटच्या आयुष्यातली गंमत, किंवा दुर्दैव म्हणा, अशी की त्याची नावाजलेली सगळी कामं खाडीत आणि नदीत, किल्ल्यांसमोर झाली.

ज्या कामासाठी ते बांधलं होतं त्या कामात त्याला यश आलं नव्हतं असं नाही. १७४७ च्या जूनमध्ये कॅप्टन थॉमस फॉक्सच्या हाताखालच्या तुकडीनं वेस्ट इंडीजहून परतणारा फ्रेंच व्यापारी ताफा गाठला आणि चाळीसहून जास्त जहाजं पकडली. फॉक्स तेव्हा केंटवर होता. बक्षिसाच्या रकमेनं सगळे खूश झाले असणार. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, स्पेनच्या फिनिस्टर भूशिराजवळ अॅडमिरल हॉकनं फ्रेंचांच्या आठ लढाऊ जहाजांपैकी सहा पकडली. दोन निसटली, त्यांतलं एक ‘तोनाँ’, फ्रेंच सेनापतीचं जहाज. त्याचं खापर केंटवर फुटलं. फॉक्सवर लष्करी खटला चालला. त्यानं अॅडमिरलचा निशाणांचा इशारा चुकीचा वाचला आणि स्वतःच्या निर्णयाऐवजी हाताखालच्या अधिकाऱ्यांचं ऐकलं, असा ठपका ठेवून केंट त्याच्याकडून काढून घेण्यात आलं. तोफांच्या धुरात दूरच्या डोलकाठीवरची रंगीत फडकी ओळखून निर्णय घ्यायचा, ही त्या काळातली संदेशयंत्रणा. फॉक्सबद्दल मला थोडी सहानुभूती वाटते.

१७४८ मध्ये युरोपात तह झाला आणि नौदलाची बरीच जहाजं रिकामी झाली. पण हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर इंग्रज आणि फ्रेंच कंपन्यांचं भांडण काही थांबलं नाही. म्हणून मार्च १७५४ मध्ये अॅडमिरल चार्ल्स वॉटसनच्या हाताखाली एक आरमार इंग्लंडहून निघालं. त्याचं मुख्य जहाज केंट. सोबत ३९ वी पलटण होती, हिंदुस्थानात आलेली ब्रिटिश राजाची पहिली पायदळ पलटण. हा प्रवास सप्टेंबरमध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यापाशी संपला, म्हणजे सहा महिने पाण्यावर.

तेव्हाचं लाकडी जहाज उष्ण समुद्रात आलं की त्याचा शत्रू तोफा नसून किडा असतो. पाण्याखालच्या फळ्या पोखरणारा एक समुद्री प्राणी इकडच्या पाण्यात भराभर वाढतो. शिवाय तळाला शेवाळ, कालवं आणि शिंपल्यांचा थर चढतो आणि जहाज जडशीळ होतं. तळाला तांब्याचा पत्रा ठोकायचा प्रयोग ब्रिटिश नौदलानं १७६१ मध्ये केला, म्हणजे केंटला त्याचा उपयोग नव्हता. तेव्हाचा उपाय एकच, जहाज अधूनमधून कोरडं करून खरवडायचं. पश्चिम किनाऱ्यावर ही सोय मुंबईत होती. १७३६ मध्ये सुरतेहून बोलावलेले लवजी नसरवानजी वाडिया तिथे जहाजबांधणीचं काम बघत होते आणि १७५० मध्ये तिथली पहिली कोरडी गोदी तयार झाली होती. १७५५ च्या नोव्हेंबरात वॉटसनचं आरमार मुंबईत आलं ते मुख्यतः या डागडुजीसाठी. तिथे रॉबर्ट क्लाइव्ह आधीच येऊन थांबला होता, दख्खनमधल्या एका मोहिमेसाठी आणलेलं सैन्य घेऊन. ती मोहीम बारगळली. म्हणजे मुंबईत एकाच वेळी राजाचं आरमार, बऱ्यापैकी सैन्य आणि दोघांनाही हाताशी काम नाही, अशी स्थिती झाली. काम समोरच होतं.

कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले. त्यानंतर घराण्यात फूट पडली आणि १७४३ नंतर विजयदुर्गावर तुळाजी आंग्रे होते. इंग्रज त्या किल्ल्याला घेरिया म्हणत. तुळाजींनी कंपनीला बेजार केलं होतं. १७४९ मध्ये त्यांनी कंपनीचं ‘रिस्टोरेशन’ हे मोठं जहाज पकडून आपल्या आरमारात घातलं. नानासाहेब पेशव्यांशीही त्यांचं वाकडं होतं. १७५५ मध्ये पेशवे आणि मुंबईकर इंग्रज यांच्यात करार झाला. पेशव्यांच्या वतीनं कोकणचं काम रामाजी महादेव बघत होते. त्या वर्षी एप्रिलमध्ये कंपनीच्या कमोडोर जेम्सनं सुवर्णदुर्ग घेऊन दाखवला आणि विजयदुर्गही पडू शकतो हे सगळ्यांना कळलं.

७ फेब्रुवारी १७५६ रोजी आरमार मुंबईहून निघालं. निघण्यापूर्वीच लुटीची वाटणी कशी करायची यावर बैठक झाली. नौदलाचे अधिकारी म्हणाले, क्लाइव्हला जहाजाच्या कॅप्टनइतका वाटा मिळेल. क्लाइव्हला दुय्यम अॅडमिरलइतका हवा होता. शेवटी वॉटसननं स्वतःच्या वाट्यातून फरक भरून द्यायची तयारी दाखवली आणि क्लाइव्हनं ती नाकारली. किल्ला अजून दिसलाही नव्हता.

विजयदुर्ग वाघोटन खाडीच्या तोंडाशी, जमिनीच्या चिंचोळ्या टोकावर आहे. तीन बाजूंना पाणी. जमिनीच्या बाजूनं पेशव्यांचं सैन्य येऊन बसलं होतं आणि तुळाजी बोलणी करायला त्यांच्या छावणीत गेले होते. इंग्रजांना वाटलं, किल्ला परस्पर पेशव्यांच्या हवाली होणार आणि आपल्या हाती काही लागणार नाही. म्हणून वॉटसननं घाई केली. १२ फेब्रुवारीच्या दुपारी, समुद्राकडून जमिनीकडे वाहणारा वारा धरून, जहाजं दोन रांगांनी खाडीत शिरली. किल्ल्याच्या बाजूला मोठी लढाऊ जहाजं, टायगर, केंट, कंबरलँड, सॅलिसबरी आणि त्यांच्या जोडीची. पलीकडच्या रांगेत लहान जहाजं आणि उखळी तोफांच्या नौका.

इथे आपल्या बाजूचं थोडं बारकाईनं बघायला हवं. आंग्र्यांच्या आरमारात गुराबा आणि गलबतं होती. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, तळ उथळ, समोरच्या टोकाला तोफा. गलबत त्याहून लहान, शिडांबरोबर वल्ह्यांवरही चालणारं. वारा पडला की इंग्रजांचं भलंमोठं जहाज जागच्या जागी अडकायचं आणि गलबतं वल्ही मारत त्याच्या पाठीमागे जाऊन बसायची, जिथे त्याच्या तोफा जवळपास नसायच्याच. उघड्या समुद्रावर हे तंत्र पन्नास वर्षं चाललं. पण त्या दिवशी सगळं आरमार किल्ल्याच्या तटाखाली, एकमेकांना बांधून उभं होतं. चपळाई हेच ज्याचं हत्यार, ते जागेवर बांधलेलं.

चारच्या सुमाराला एक उखळी गोळा नेमका ‘रिस्टोरेशन’वर पडला आणि ते पेटलं. तिथून आग शेजारच्या जहाजांवर गेली आणि थोड्या वेळात गुराबा, गलबतं, सगळं आरमार जळालं. ज्या जहाजानं आंग्र्यांचं आरमार मोठं केलं, त्याच्यापासूनच ते जळालं. दर्यावर्दी ताकद म्हणून आंग्र्यांचा विषय त्या संध्याकाळीच संपला. किल्ला पडायला आणखी एक दिवस लागला. रात्री क्लाइव्ह फौज घेऊन उतरला तो किल्ला आणि मराठ्यांची छावणी यांच्या मधोमध. दोस्तांना किल्ल्यात शिरू न देणं हा त्यातला उद्देश लपलेला नव्हता. १३ तारखेला किल्ल्यानं पांढरं निशाण दाखवलं. इंग्रजांची हानी मेलेले-जखमी मिळून वीसच्या आसपास. लूट सुमारे दहा लाख रुपयांची. पेशव्यांच्या सैन्याला त्यातलं काही मिळालं नाही.

तुळाजी पेशव्यांच्या ताब्यातच राहिले आणि त्यांचं उरलेलं आयुष्य कैदेत गेलं. किल्ला करारानुसार पेशव्यांना द्यायचा होता, तो इंग्रजांनी बरेच महिने धरून ठेवला आणि ऑक्टोबर १७५६ च्या तहानंतर सोडला. बदल्यात बाणकोट आणि काही गावं घेतली. पेशव्यांना तट मिळाला, त्या तटाखाली उभं राहणारं आरमार मिळालं नाही. माझ्या मते या मोहिमेचा हिशेब एवढ्या एका वाक्यात होतो.

तोवर केंट पूर्व किनाऱ्यावर पोचलं होतं. जून १७५६ मध्ये बंगालचा नवाब सिराजउद्दौलानं कलकत्ता घेतलं आणि ऑक्टोबरमध्ये वॉटसनचं आरमार क्लाइव्हच्या फौजेला घेऊन मद्रासहून बंगालकडे निघालं. वाऱ्याचा हंगाम उलटा होता. जहाजं विखुरली. कंबरलँड मागे पडलं. केंट डिसेंबरच्या मध्यावर हुगळीत शिरलं.

हुगळी नदी म्हणजे सरकत्या वाळूच्या पट्ट्यांची जागा. मोठ्या जहाजानं भरतीबरोबर वर सरकायचं, ओहोटी लागली की नांगर टाकून थांबायचं. अशा रीतीनं केंट बजबजच्या किल्ल्यासमोर आलं. २९ डिसेंबरला जहाजांच्या तोफांनी तटाला भगदाड पाडलं, चढाई दुसऱ्या दिवशी करायची ठरली. त्या रात्री केंटवरचा स्ट्रॅहन नावाचा एक साधा खलाशी दारूच्या तारेत एकटाच भगदाडातून आत चढला, आरडाओरडा करत सुटला, त्याच्यामागून बाकीचे धावले आणि किल्ला पडला. केंटचा सर्जन एडवर्ड आइव्हज यानं हे लिहून ठेवलं आहे. दुसऱ्या दिवशी अॅडमिरलनं शिस्त मोडल्याबद्दल त्याची खरडपट्टी काढली. बाहेर पडताना स्ट्रॅहन पुटपुटला की यासाठी मला फटके बसणार असतील तर आयुष्यात पुन्हा एकट्यानं किल्ला घेणार नाही.

२ जानेवारी १७५७ रोजी केंट आणि टायगरनं कलकत्त्याच्या फोर्ट विल्यमवर तोफा डागल्या आणि दोन तासांच्या आत किल्ला मोकळा झाला. लगेच भांडण. वॉटसननं राजाच्या पलटणीतल्या कॅप्टन आयर कूटला किल्ल्याचा ताबा दिला. क्लाइव्ह म्हणाला, मी त्याचा वरिष्ठ, ताबा माझा. वॉटसननं निरोप पाठवला की किल्ला सोडला नाहीस तर जहाजावरून तोफा डागून बाहेर काढीन. मध्यस्थीनं प्रकरण मिटलं. पण क्षणभर विचार करा, केंटच्या तोफांचं पुढचं लक्ष्य क्लाइव्ह असू शकलं असतं.

मग मार्चमध्ये चंदननगर. इथे केंटची कहाणी खऱ्या अर्थानं संपते.

इंग्लंड-फ्रान्स युद्ध पुन्हा सुरू झालं होतं आणि कलकत्त्याच्या वर हुगळीकाठी फ्रेंचांचं चंदननगर होतं. त्यांच्या दॉर्लियाँ किल्ल्याला क्लाइव्हनं जमिनीवरून वेढा घातला, पण त्याच्याजवळ जड तोफा मोजक्या. पावणेतीन टनांच्या तोफा चिखलातून बैलांकरवी ओढत नेणं आणि त्या जहाजातून तरंगत नेणं, यातला फरक हेच अशा जहाजाचं लष्करी महत्त्व. फ्रेंचांनाही ते माहीत होतं. त्यांनी किल्ल्याच्या अलीकडे नदीच्या वाटेत जहाजं बुडवली. मात्र पुरेशी नाहीत. बुडालेल्या जहाजांच्या डोलकाठ्या पाण्यावर दिसत होत्या. इंग्रजांनी होडीतून पाण्याची खोली मापली तर मधून वाट निघत होती. २२ मार्चच्या रात्री त्या डोलकाठ्यांवर कंदील बांधले, किल्ल्याच्या बाजूनं झाकलेले आणि आपल्या जहाजांच्या बाजूनं उघडे.

२३ मार्चच्या पहाटे भरतीबरोबर टायगर, केंट आणि सॅलिसबरी एकामागोमाग निघाली. किल्ल्यासमोर जहाज लढवायचं तर त्याची कूस तटाकडे हवी, म्हणजे एका बाजूच्या सगळ्या तोफा लागू पडतात. त्यासाठी नांगर टाकून दोरांनी जहाज नेमकं त्या कोनात धरून ठेवावं लागतं. टायगरला ते जमलं. केंट जागेवर येईपर्यंत प्रवाह उलटला, जहाज ठरल्या जागी टिकलं नाही आणि मागे घसरत सॅलिसबरीच्या जागेवर गेलं. परिणाम दुहेरी. सॅलिसबरीला नीट लढायला जागाच उरली नाही आणि केंटवर समोरच्या बुरुजाबरोबरच बाजूच्या, नैर्ऋत्येच्या बुरुजाचीही आग सुरू झाली.

जेमतेम तीन तास हे चाललं. अंतर इतकं कमी होतं की चुकायचा प्रश्नच नव्हता. खालच्या मजल्यावर तोफेची दारू पेटून स्फोट झाला, जहाज पेटलं, भेदरलेले काही खलाशी होड्यांत उड्या टाकू लागले. लेफ्टनंट ब्रेरेटननं उरलेल्यांना धरून आग विझवली. केंटवर १९ मेले, ४९ जखमी झाले. कॅप्टन हेन्री स्पीक आणि त्याचा मुलगा विल्यम शेजारी उभे होते. एकाच गोळ्यानं दोघांना गाठलं. बापाचा पाय जखमी झाला, पोराची मांडी गेली. खाली आणल्यावर वडिलांची जखम बांधून होईपर्यंत मुलगा आइव्हजला आपल्याला हात लावू देईना. तो वाचला नाही. कोलकात्याच्या सेंट जॉन चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. आइव्हज त्याचं वय सोळा सांगतो, कबरीवरचा दगड अठरा सांगतो.

सकाळी सव्वानऊच्या सुमाराला किल्ल्यावर पांढरं निशाण आलं. बंगालमधली फ्रेंच सत्ता त्या सकाळी बसली आणि प्लासीची वाट मोकळी झाली. जमिनीवर क्लाइव्हच्या बंदुकवाल्यांनी घरांच्या गच्च्यांवरून तटावरच्या फ्रेंच तोफखान्याला चांगलं सतावलं होतं, त्याचंही श्रेय आहे. पण तट फोडला तो जहाजांनी.

आणि जहाजाची किंमत त्यात वसूल झाली. गोळ्यांनी चाळण झालेलं, त्यातून तीन वर्षं उष्ण पाण्यात कुजत असलेलं लाकूड. पुन्हा फ्रेंच आरमाराशी सामना करायला ते योग्य राहिलं नाही. वॉटसन १६ ऑगस्ट १७५७ रोजी कलकत्त्यात तापानं वारला. त्याच्या जागी आलेल्या पोकॉकनं १७५८ मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावर फ्रेंचांशी लढाया केल्या, तेव्हाच्या जहाजांच्या यादीत टायगर आहे, कंबरलँड आहे, सॅलिसबरी आहे. केंट नाही. अशा जहाजाच्या डोलकाठ्या उतरवून त्याचा सांगाडा बंदरात कोठार किंवा तत्सम कामाला लावायची पद्धत होती. याद्यांमध्ये १७६० च्या सुमाराला त्याची नोंद तशीच होते.

लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीमध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं वॉटसनचं स्मारक उभारलं आहे. त्यावर चंदननगर आणि कलकत्त्याबरोबर घेरियाचंही नाव कोरलेलं आहे. तिकडे जाणाऱ्या मराठी माणसानं ते जरूर शोधावं.

कुणाला या जहाजाचा माग पुढे काढायचा असेल तर एक सावधगिरी. नौदल जुनी नावं नव्या जहाजांना देत राहतं. १७६२ मध्ये पाण्यात उतरलेलं ७४ तोफांचं ‘केंट’ वेगळं. १८०० मध्ये बंगालच्या उपसागरात फ्रेंच सुर्कूफनं पकडलेलं ‘केंट’ कंपनीचं व्यापारी जहाज, आणि १८२५ मध्ये बिस्केच्या उपसागरात जळालेलं ‘केंट’ त्याहून निराळं. विजयदुर्गासमोर आलेलं ते १७४६ चं.